वह्या पाठवल्या आहेत

राजापूर,
दि. १८ मे

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मागितलेल्या फील्डच्या वह्या काल एसटी पार्सलने पुण्याला पाठवल्या. २९ आहेत, मोजून घे. त्यातल्या नोंदी संगणकावर चढवून तू आपल्या कोकणातल्या रानफुलाच्या, दीपकाडीच्या प्रसाराचा नकाशा करणार आहेस, हे कळल्यापासून मी दोन दिवस त्याच चाळत बसले होते. काही गोष्टी वह्यांत नाहीत, म्हणून हे पत्र.

वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने १८५० साली दीपकाडीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिच्या नावात कोकण घातलं. मृगाच्या सरी पडल्या की जांभ्याच्या भेगेत, दोन बोटं मातीतून ती वर येते आणि निशिगंधासारखी पांढरी फुलं सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, वाऱ्याने हलू लागतात. पुढे गवत वाढलं की तिची पानं त्यात हरवतात. उन्हाळ्यात जमिनीखाली नुसता कांदा. आता मे महिन्यात तोच सडा बघशील तर काळा, तापलेला कातळ. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबाच म्हणतात.

वही नंबर ४ उघडशील तेव्हा दीपकाडीच्या एका नोंदीशी थांब. फूल, फळ, कांदा सगळं नीट काढलंय. त्या पावसात नमुन्याला बुरशी येऊ नये म्हणून मी रोज नमुना दाबून ठेवायच्या प्रेसमधले वर्तमानपत्राचे कागद बदलत होते, आजीच्या चुलीवरच्या माळ्यावर तो सुकवला होता. आणि ठिकाण काय लिहिलंय? 'राजापूरजवळचा सडा.' एवढंच. तेव्हा जीपीएस नव्हतं, पण रस्त्यापासून किती पावलं, व्हाळाच्या, ओढ्याच्या, कुठल्या अंगाला, हे लिहायला काय लागत होतं? पुढे एका सड्याची पाहणी करायला माणसं आली, तीही एप्रिलमध्ये. अहवालात 'उल्लेखनीय वनस्पती नाहीत' असं आलं. मी वही घेऊन धावले. माझी दीपकाडी त्याच सड्यावरची होती, मला पक्कं आठवत होतं, पण कागदावर ते कुठेच नव्हतं. आज तिथे चिरेखाण आहे. एसटीतून जाताना खड्ड्यात साठलेलं हिरवं पाणी दिसतं. मुक्ता, अजूनही मी त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाही.

म्हणून ती नोंद नकाशात घालू नकोस. धोक्यातल्या प्रजातींची यादी करणाऱ्या आययूसीएनच्या पद्धतीत, वनस्पती किती जागेत आहे हे ठरवायला २ किलोमीटर गुणिले २ किलोमीटरचे चौकोन मोजतात. आपल्याकडे एवढ्या चौकोनात वाडी, कलमांची बाग, व्हाळ आणि सडा सगळंच बसतं. ठिकाण चुकलं तर भलताच चौकोन भरतो, आणि खरा रिकामा राहतो.

उलट, ज्या पानांवर 'काही नाही' लिहिलंय ती सगळी घाल, तारखेसकट. तारीख महत्त्वाची. ऑगस्टच्या अखेरीस गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेची आसवं यांनी सडा भरलेला असतो. तेव्हा दीपकाडी दिसली नाही, याचा अर्थ ती तिथे नाही असा होत नाही.

आणखी एक. वही ९ ते १६ मधल्या नोंदी नकाशावर मांडशील तर त्या सगळ्या डांबरी रस्त्याच्या आसपास पडतील. त्यावरून दीपकाडीला रस्त्याकडेची जागा मानवते असं धरू नकोस. रस्ता धरून होते ती मी. तू तेव्हा बालवाडीत होतीस, पाचच्या गाडीने मला घरी पोचायचं असायचं. थांब्यापासून जाऊन-येऊन जेवढं चालता येईल तेवढाच सडा मी पाहिला. ती वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत, पण तुझ्या संगणकाला हे कारण सांगितलं पाहिजे. तुमच्याकडे त्याची काहीतरी दुरुस्ती असेलच. पाऊस आणि तापमान घालून ही वनस्पती कुठे असू शकेल ते तो दाखवील, पण कुठल्या भेगेत दोन बोटं माती आहे ते त्याला कळायचं नाही. तिथे जावंच लागतं.

वही नंबर ७ पावसात भिजलेली आहे. पानं चिकटलीत, ओढून सोडवू नकोस. तशीच परत घेऊन ये, इथे वाफेवर धरून सोडवू.

मृगात ये. बारसूच्या अंगाला एक सडा आहे, त्याची पलीकडची कड मी अजून पाहिलेली नाही. आता पाचची गाडी चुकली तरी चालेल. डबा मी करते, छत्र्या मात्र चांगल्या दोन आण.

तुझी,
आई