वसईच्या घंटा आणि लिस्बनची दप्तरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात दाखल झाली. पुढच्याच जुलैत साल्हेर, शिवनेरी, रायगड ते थेट तमिळनाडूतील जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. किल्ले आणि परदेशी संग्रहालये हा विषय त्यामुळे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला, याचा आनंदच आहे. पण चर्चा सारी एकाच प्रश्नाभोवती फिरते : तिकडून आणखी काय आणायचे? आम्हा वसईकरांची अडचण नेमकी उलटी आहे. वस्तू महाराष्ट्रातच आहेत. त्यांची जन्मकथा सांगू शकणारे कागद पोर्तुगालमध्ये आणि गोव्यात आहेत.

मी बोलतो आहे ते वसई मोहिमेत मिळालेल्या घंटांबद्दल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सेंट सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून खिंडार पाडले, तेव्हा दोन शतके वसईत पाय रोवून बसलेले पोर्तुगीज तहाला तयार झाले. शिबंदीला मानाने बाहेर पडू दिले गेले. चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे.

मेणवलीची घंटा ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मुद्दाम जाऊन पाहावी. कृष्णेच्या पायऱ्यांलगत तिच्यासाठी छोटेसे दगडी देऊळच आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. कोणी कधी मूर्ती खरवडली नाही, आकडे पुसले नाहीत. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. गोदावरीला पूर आला की पंचवटीतले जुने लोक आजही विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागले का? पोर्तुगीज चर्चची घंटा नाशिकच्या पुराची खूण झाली, याहून मोठा वारसा कुठला?

मग या घंटांची जन्मकथा शोधण्याचे काम कोणी करायचे? मेणवलीची घंटा वसई परिसरातल्या कोणत्या मनोऱ्यात होती, ती कोणत्या ओतशाळेत ओतली गेली, तिचे पैसे चर्चच्या कोणत्या भक्तसंघाने की श्रद्धावान घराण्याने दिले, हे शोधायचे तर घंटेवरची अक्षरे आणि पोर्तुगीज कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतील. गोवा आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर निघणाऱ्या गलबतांतून चाले. त्याची दप्तरे आज वाटली गेली आहेत : काही खंड पणजीच्या पुराभिलेखागारात, काही लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात. गोव्यातल्या या कागदांमधून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढण्यात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचले. तो धागा पुढे नेणारी पोर्तुगीज जाणणारी तरुण मंडळी आपण किती तयार केली?

पोर्तुगालशी सहकार्याची वाट अनोळखी नाही. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ मध्ये गोव्यात राशोलच्या सेमिनरीत उभे राहिले, तेव्हा लिस्बनचे गुलबेंकियन फाउंडेशन आणि आपली इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था त्यात होती. ते पुढे जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात हलले. गोव्यात जे जमले ते वसईला का जमू नये? भुईकोट, बुरुज, समुद्राकडचा दरवाजा, छपरे गेलेली चर्च, असा सबंध पोर्तुगीज कोट इथे उभा आहे. पोर्तुगालमध्ये एल्वाशसारखा तटबंदीचा किल्ला २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथल्या लोकांना असले तट सांभाळायचे कसे हे रोजच्या कामातून ठाऊक आहे.

इथे एक भीती हमखास पुढे येते. पोर्तुगालला बोलावले आणि उद्या त्यांनी घंटा परत मागितल्या तर? करारात पहिलेच कलम मालकीचे असावे, आणि घंटा जिथे आहेत तिथून हलणार नाहीत हे दुसरे. वाघनखांसाठी मुदत आणि अटी कागदावर आल्याच ना? घंटांना तर प्रवासही करायचा नाही. त्यांची मोजमापे, अक्षरांचे ठसे, त्रिमितीय प्रती आणि आवाजाच्या ध्वनिफिती जातील, तिकडून कागदांच्या प्रती येतील. देवळांच्या विश्वस्तांना आणि पुजाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे, कारण या घंटा सांभाळल्या त्या त्यांनीच, आणि त्या आजही पूजेतल्या आहेत.

वसईच्या कोटात याच कामाला जोडून एक तातडीची गोष्ट आहे. पडक्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणारी जोडपी आणि त्यांचे कॅमेरावाले त्यांच्यावरून बिनदिक्कत चालतात, पावसाचे पाणी साचते, दरवर्षी एखादे अक्षर आणखी बुजते. घंटा आणखी शंभर वर्षे टिकतील, या शिळा टिकणार नाहीत. त्यांचे ठसे आधी घ्यायला हवेत. आमच्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यांत आपल्या गावांचा इतिहास सापडेल, आणि चिमाजी अप्पांच्या स्मारकाला हार घालणाऱ्यांनाही तो आपलाच वाटेल असे मला मनापासून वाटते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांनी वसईसाठी एकत्र प्रस्ताव करून लिस्बन आणि पणजीच्या अभिलेखागारांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. सुरुवात मेणवली आणि नाशिक या दोन घंटांपासून करावी. सालासकट अक्षरे तिथे आजही डोळ्यांनी वाचता येतात. वसई विजयाला २०३९ मध्ये तीनशे वर्षे होतील. तोवर कोटात एक छोटे का होईना, पण पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही कागद शेजारी मांडलेले संग्रहालय उघडायला वेळ पुरेसा आहे.

– एक वाचक, वसई