सिकाई टाळायची, तर गोळी टाळता येत नाही

संपादक महोदय,
स. न.

ऑक्टोबरात स्तनकर्करोगाची शिबिरे होतात. गाठ कशी ओळखावी, इथवर ती येतात आणि थांबतात. स्तन राखून गाठ काढल्यावर सत्तरीच्या आजींपुढे उभा राहणारा प्रश्न, सिकाई म्हणजे किरणोपचार घ्यायचे का, घरातच निकालात निघतो: ‘आता या वयात कशाला तिला त्रास!’ वयाला महत्त्व आहेच, पण त्याआधी पॅथॉलॉजीचा कागद नीट वाचायला हवा.

सिकाई न घेणे हा काही जणींसाठी खरोखर योग्य पर्याय आहे. ‘प्राइम-2’ या अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यात 65 आणि त्यापुढच्या 1,326 स्त्रिया होत्या. गाठ 3 सेंमीपर्यंत, काखेतल्या ग्रंथींत आजार नाही, कापलेल्या कडा आजारापासून मोकळ्या, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ). सिकाई न घेतलेल्यांपैकी 9.5 टक्के जणींना त्याच स्तनात आजार उलटला, घेतलेल्यांपैकी 0.9 टक्के. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच, सुमारे 81 टक्के.

हे आकडे ऐकून सुटकेचा श्वास टाकणारे पुढची अट विसरतात. या सगळ्या जणींना पाच वर्षे हार्मोनची, म्हणजे इस्ट्रोजेनला रोखणारी, गोळी घ्यायची होती. आपल्याकडे घोळ होतो तो इथे. लेट्रोझोल 2.5 मिग्रॅ. ही अशीच गोळी सुरू होते, काही महिन्यांत गुडघे-बोटे आखडतात, आणि आजी कुणाला न सांगता गोळी बंद करतात. मग सिकाईही नाही, गोळीही नाही! सांधे दुखले तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते. हाडांसाठी सुरुवातीलाच डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी. टॅमॉक्सिफेन ही दुसरी हार्मोनची गोळी चालू असताना अंगावरून रक्त गेले, तर तपासणीला उशीर करू नये.

रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ एवढेच पाहून भागत नाही, किती टक्के पेशी पॉझिटिव्ह आहेत तेही पाहावे. त्याच अभ्यासात ईआर कमी असलेल्या ज्या स्त्रियांनी सिकाई घेतली नाही, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. हर-2 पॉझिटिव्ह (हर-2 हे प्रथिन जास्त असलेल्या) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनची दोन्ही ग्रहणकेंद्रे आणि हर-2 यांतले काहीच नसलेल्या) गाठीला तर हा हिशेब लावूच नये. आणखी एक बाब: काढलेली गाठ तासाभरात भरपूर, म्हणजे आकारमानाच्या निदान दहापट, 10 टक्के फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवी. लहान नर्सिंग होममधून इंदुरात येईपर्यंत ती सलाइनमध्ये किंवा घोटभर फॉर्मलिनमध्ये राहिली, तर ईआर खोटा कमी किंवा निगेटिव्ह येऊ शकतो. शंका वाटली तर मूळ ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासावा. ब्लॉक मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

आता त्रासाविषयी. पूर्वी 25 वेळा, पाच आठवडे खेपा घालाव्या लागत. मग 40 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) 15 वेळांत देऊ लागले. 2020 च्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासानंतर 26 ग्रे पाच वेळांत, म्हणजे एका आठवड्यात, देता येतात. खंडवा-खरगोनहून येणाऱ्या बाईंना इंदुरात नातेवाइकाकडे सोमवार ते शुक्रवार राहून हे जमते. डोक्यावरचे केस जात नाहीत. त्वचा लाल होते, थकवा येतो. डावा स्तन असेल तर हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून सिकाई देण्याची सोय आहे का, ते विचारावे. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. हात डोक्यावर धरून झोपावे लागते. म्हणून खांद्याचे व्यायाम शस्त्रक्रियेनंतर सर्जन सांगतील तेव्हापासून करावेत, नाहीतर आखडलेल्या खांद्यापायी सीटी प्लॅनिंगच (किरण कुठे द्यायचे हे ठरवणारे स्कॅन) पुढे ढकलावे लागते. सिकाईसाठी त्वचेवर केलेल्या खुणा घासून पुसू नयेत. हळदीचा लेप, गरम शेक, दोन्ही बंद.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून आहे. कोणते पॅकेज मंजूर होते, ते प्लॅनिंगआधी विचारून घ्यावे.

जिला रोजची गोळी झेपणार नाही असे आधीच दिसते आहे, तिने पाच दिवसांची सिकाई नाकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. केमो नसेल तर सिकाई शस्त्रक्रियेनंतर साधारण आठ ते बारा आठवड्यांत सुरू व्हावी. तेव्हा टाके निघण्याची वाट न पाहता, रिपोर्ट हाती येताच रेडिएशनच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.

— किरणोपचार विभागातील निवृत्त कर्मचारी,
स्नेहलतागंज, इंदूर