आयटीआयला लागलेले पोर अर्ध्यावर सुटू नये : सातपूर-अंबडकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कामगार वस्त्यांमध्ये आमची समिती एक अभ्यासिका चालवते. सुरुवात दहावीच्या मुलांसाठी झाली होती. पण दहावीनंतर त्यातली बरीचशी आयटीआयला जातात आणि अडचणी घेऊन पुन्हा आमच्याकडेच येतात, म्हणून काम तिकडे वाढत गेले. हे आवाहन त्या मुलामुलींसाठी आहे.

या भागात ज्यांनी नोकरीच्या जोरावर घर बांधले, त्यांतल्या अनेकांच्या कपाटात आयटीआयचे जुने प्रमाणपत्र सापडेल. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन. केंद्राची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. १९६४ मध्ये विमाने बनवणारी एचएएल ओझरला आली, सातपूर-अंबडला एमआयडीसी उभी राहिली, आणि सरकारी आयटीआयमधून शिकून आलेल्या माणसांनी तिथली यंत्रे चालवली. त्यांच्या आईवडिलांना खासगी फी झेपली नसती.

त्र्यंबक रोडवरच्या शासकीय आयटीआयची फी आजही कामगाराच्या घराला भरता येते. पोरे अडतात ती दुसरीकडे. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा. तेवढा काळ मुलगा घरात पगार आणत नाही आणि गल्लीतला त्याचा मित्र ठेकेदाराकडे हेल्पर लागून महिन्याला पैसे आणत असतो. वडील आजारी पडले, नाहीतर त्यांचे काम सुटले, की घरातले सगळे या मुलाकडे पाहू लागतात. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्यांची अडचण वेगळी. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी लागली की घरचे सगळे दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला जातात आणि मुलालाही जावे लागते. इकडे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. छाटणी काही हजेरीपटाला विचारून येत नाही.

दुसरी अडचण वर्गातली. ज्या मुलाचा हात कानशीवर, लेथवर छान बसलेला असतो, तोच टेपरच्या, म्हणजे निमुळत्या होत जाणाऱ्या दांड्याच्या, गणिताला घाबरतो. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करायचा, लांबीच्या दुपटीने भागायचे आणि आलेल्या उत्तरावरून टॅनच्या कोष्टकात कोन शोधायचा, एवढेच असते. पण अपूर्णांक आठवीतच सुटलेले असतात. ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये मांडायची पद्धत, आले की वरचे दृश्य खाली का काढायचे, हेच कळत नाही. लेखी परीक्षा आता संगणकावर होते आणि घरात संगणक नसतो. नापास होण्याची भीती बसली की ठेकेदाराचा फोन लवकर उचलला जातो.

‘तुम्हीच एक प्रायव्हेट आयटीआय का काढत नाही?’ असे आम्हाला काही हितचिंतक विचारतात. आम्हाला ते करायचे नाही. यंत्रे, वीज, निदेशकांचे पगार हा खर्च देणग्यांवर चालत नाही. शेवटी तो फीतून वसूल होतो आणि ज्यांच्यासाठी संस्था काढली तेच बाहेर राहतात. ही जबाबदारी शासनाची आहे आणि शासनाचीच राहिली पाहिजे. मागणी असलेल्या ट्रेडच्या तुकड्या वाढवाव्यात, निदेशकांची पदे रिकामी राहू देऊ नयेत, कामावर असलेल्यांसाठी संध्याकाळची तुकडी असावी आणि लांबच्या तालुक्यांतल्या मुलामुलींची वसतिगृहाची सोय व्हावी, असे निवेदन आम्ही कौशल्य विकास विभागाला देणार आहोत. त्यावर सही करायला जरूर या. तीन महिन्यांचे छोटे कोर्स वाईट नाहीत, पण दोन वर्षांच्या ट्रेडची जागा ते घेऊ शकत नाहीत, हेही निवेदनात लिहिले आहे.

तुकड्या वाढतील तेव्हा वाढतील. तोवर आहेत ती मुले टिकवायची आहेत.

बसचा पास, सेफ्टी शूज, गणवेश आणि ड्रॉइंगचे साहित्य मिळून एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सहा हजार रुपये आम्ही धरले आहेत. यंदा ४० जणांची सोय करायची आहे, म्हणजे २ लाख ४० हजार. पूर्ण एका मुलाचा भार उचला किंवा शंभर रुपये द्या, पावती दोघांनाही मिळेल. देणगीवर आयकरात मिळणारी ८०-जीची सवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पैसे मुलाच्या हातात न देता त्यातून वस्तू आणि पास घेतले जातात. हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर लागतो.

पैशापेक्षाही आम्हाला निवृत्त माणसांची गरज जास्त आहे. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आठवड्यातून दोन संध्याकाळी ड्रॉइंग वाचायला शिकवू लागला, तर पोरांना ते पुस्तकापेक्षा लवकर उमगते. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मेंटेनन्सवाले, कुणीही या. ट्रेड घेतलेल्या मुलींना कामावर असलेल्या ताईंशी बोलायचे असते, त्यामुळे शॉपफ्लोअरवरच्या महिलांना खास निमंत्रण.

कारखानदार मित्रांनाही एक विनंती. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आकडा पुरा करण्यासाठी घेऊन त्यांना पॅकिंगला उभे करू नका. मशीनवर शिकू द्या.

आणि पालकांनो, आयटीआय म्हणजे शिक्षण संपले असे समजू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शासकीय तंत्रनिकेतन आपल्या सामनगाव रोडवरच आहे. अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

अभ्यासिका रोज संध्याकाळी ६ ते ९ उघडी असते, रविवारी सकाळीही. चालू स्थितीतले व्हर्नियर, मायक्रोमीटर, मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड आणि जुने पण सुरू होणारे संगणक आणून द्या. वापरलेले सेफ्टी शूज चालतील, फक्त तळ फाटलेला नको, आणि आतला नंबर पुसला असेल तर चिठ्ठीवर लिहून बुटात ठेवा.