रंगाचा डबा उघडण्याआधी उजेड मोजा

मा. संपादक,

दिवाळी तोंडावर आली की बडोद्यात रावपुऱ्यातल्या पेढ्यांपासून मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे रंगरंगोटी निघते आणि तिच्याबरोबर दिवेही बदलले जातात. "किती पॅनल बसतील?" एवढंच इलेक्ट्रिशियनला विचारलं जातं. फॉल्स सीलिंगच्या चौकटीत मावतील तेवढे हे चपटे चौकोनी एलईडी दिवे बसतात. त्याखाली रोज आठ-नऊ तास काम करणाऱ्याच्या टेबलावर किती उजेड पोचतो, हे कुणी बघत नाही. म्हणून हे पत्र.

हिशेब पाच मिनिटांचा आहे. दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप लुमेन; एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला 300 ते 500 लक्स हवेत. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद खोलीत 400 लक्स हवे असतील तर टेबलाच्या उंचीवर 9600 लुमेन पोचले पाहिजेत. पण भिंती आणि छत थोडा उजेड खातात (साधारण 0.6 उरतो), आणि धूळ व दिव्याचं वय आणखी थोडा खातात (त्यातला 0.8 उरतो). म्हणजे दिव्यांतून 20,000 लुमेन निघायला हवेत. 36 वॅटचं दोन बाय दोन फुटांचं पॅनल साधारण 3600 लुमेन देतं, तेव्हा सहा पॅनल लागतात. आपल्याकडे चारच लावतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे 290 च्या आतबाहेर लक्स उरतात. त्यात हल्लीच्या फॅशनचं काळं छत आणि गडद राखाडी भिंती आल्या की 0.6 चे 0.4 होतात आणि त्याच चार पॅनलखाली 190 लक्स पडतात. एक तृतीयांश उजेड रंगाच्या डब्यात गेला! छत पांढरंच ठेवा, भिंती फिकट. भडक रंगाची हौस एका भिंतीवर भागवा.

मात्र नुसते दिवे वाढवूनही भागत नाही. डोळ्यांत घुसणारा उजेड कमी उजेडाइतकाच त्रास देतो. पॅनल नेमकं डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तर त्याचा पांढरा चौकोन कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतो, आणि तो चुकवायला माणूस मान वाकडी करून बसतो; संध्याकाळी दुखते ती मान, दोष मात्र खुर्चीला जातो. बंद पडद्यावर छोटा आरसा टेकवा आणि आपल्या जागी बसून पाहा. आरशात दिवा दिसला तर टेबल फिरवा किंवा दिव्यांची रांग बाजूला घ्या. खिडकीसुद्धा समोर किंवा पाठीशी नको, कुशीला हवी.

स्वस्त एलईडीचा खरा दोष लुकलुकणं हा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं आणि प्रत्येकात दोन चढउतार, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच चढतं. मोबाइलचा कॅमेरा स्लो-मोशनवर दिव्याकडे धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ते दिवे परत करा. लेथवर तर हा जिवाचा प्रश्न आहे. काम पकडून फिरणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला 2000 फेऱ्यांनी फिरला की सेकंदाला शंभर जबडे समोरून जातात, आणि अशा दिव्याखाली फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो. ट्यूबलाइटच्या काळात जाणते वायरमन शेजारच्या ट्यूबा विजेच्या वेगवेगळ्या फेजवर टाकत, म्हणजे सगळ्या एकदम मंद होत नसत, ते याचसाठी. आज चांगल्या ड्रायव्हरचा दिवा घ्यावा आणि मशीनवर वेगळा दिवा द्यावा. चकाकी आणि सावल्या टाळा, खिडक्यांच्या काचा पुसा, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 17 मध्येच लिहिलं होतं.

दिवसाचा उजेड फुकट आहे, तरी अलकापुरीतल्या काचेच्या इमारतींत पडदे ओढून दिवे लावलेले असतात, कारण पश्चिमेची काच दुपारनंतर भाजते. त्या बाजूला बाहेरून उभ्या पट्ट्या लावाव्यात. आतला पडदा ऊन आत घेतल्यावर अडवतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची केली आहे, ती वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. सयाजीराव महाराजांच्या काळात आपल्याच गावात हा विचार झाला होता! डोळ्याच्या पडद्यात शरीराचं घड्याळ लावणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, हे 2002 मध्ये सिद्ध झालं. त्यांना सकाळी भरपूर उजेड लागतो. म्हणून दिवसा 4000 केल्विनचा दिवा ठीक (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर). रात्रपाळीत मात्र पाळी संपत येईल तसा उजेड मंद आणि पिवळसर, 3000 च्या खाली असावा.

साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या ज्येष्ठ कारकुनाला टेबलावर स्वतःचा, हाताने वळवता येणारा दिवा द्या. तो उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे.

दिवे बसले की लक्समीटर टेबलावर ठेवून, रात्री, खिडक्या झाकून, आपली सावली पडू न देता दर मीटरला आकडा लिहून घ्यावा आणि त्यानंतरच बिल चुकतं करावं.

आपला,
एक विद्युत अभियंता, दांडिया बाजार, बडोदे