संस्कारांचा प्रश्न आणि कपाटाचे कुलूप

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील शाळांमध्ये होणाऱ्या गोळीबारांविषयी आपल्या पत्रस्तंभात चाललेली चर्चा मी सुरुवातीपासून वाचत आहे. काही पत्रलेखकांच्या मते तिथली कुटुंबव्यवस्था विस्कटली, शाळांतून प्रार्थना हद्दपार झाली आणि मुले पडद्यावरचा रक्तपात पाहत वाढली, म्हणून हे घडते. इतरांच्या मते हा सगळा बंदूक-समर्थक संघटनांचा आणि त्यांना घाबरणाऱ्या राजकारण्यांचा खेळ असून संस्कारांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धवट वाटते, कारण ‘संस्कार की राजकारण’ या प्रश्नाला अमेरिकी संसदेने एकदा प्रत्यक्ष मतदानातूनच तोंड दिलेले आहे आणि त्या मतदानाचा उल्लेख आतापर्यंत कोणीच केलेला नाही.

कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी गोळ्या झाडून १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक यांचे प्राण घेतले. त्यांच्याकडच्या चार बंदुकांपैकी तीन बंदुका त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने बंदुकांच्या प्रदर्शनात खासगी विक्रेत्यांकडून विकत घेतल्या होत्या. अशा विक्रीत खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन नव्हते. ही पळवाट बुजवणारी दुरुस्ती २० मे रोजी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, आली तेव्हा मते समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने ती जेमतेम संमत झाली. मग विषय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाकडे, गेला. तिथे १७ जून रोजी, सार्वजनिक इमारतींत, म्हणजे शाळांतही, बायबलमधील दहा आज्ञा लावण्याची मुभा राज्यांना देणारी दुरुस्ती २४८ विरुद्ध १८० मतांनी संमत झाली आणि दुसऱ्याच दिवशी बंदुकांविषयीचे विधेयक २८० विरुद्ध १४७ मतांनी फेटाळले गेले. विरोधात मत देणाऱ्या सगळ्यांनाच बंदुका प्रिय होत्या असे नाही. विधेयक आधीच इतके पातळ झाले होते की ते संमत होण्यापेक्षा पडलेले बरे, असे वाटणारेही त्यांच्यात बरेच होते. तरीही हाती काय उरले ते पाहावे. भिंतीवर आज्ञा लावायला सभागृहाची हरकत नव्हती; पळवाट मात्र होती तशीच राहिली.

म्हणजे अमेरिकी समाजाची मूल्येच तशी आहेत, असे कोणी म्हणेल. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, हाच प्रश्न कोलोरॅडोच्या मतदारांपुढे थेट ठेवला गेला, तेव्हा सुमारे ७० टक्के मतदारांनी प्रदर्शनातील विक्रीलाही तपासणी लागू करण्याच्या बाजूने कौल दिला. कनेक्टिकटमधील सँडी हूक प्राथमिक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० बालके आणि ६ प्रौढ मारले गेले, त्यानंतरही हेच दिसले. जनमत चाचण्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक व्यापक तपासणीला अनुकूल असताना एप्रिल २०१३ मध्ये त्यासाठीच्या प्रस्तावाला शंभर सदस्यांच्या सिनेटमध्ये ५४ मते मिळाली. ६० मते आवश्यक असल्याने तो बहुमत मिळूनही पडला. लोकांची मूल्ये आणि त्यांच्या नावाने होणारे कायदे यांच्यात एवढे अंतर पडते, आणि ते पाडणाऱ्या गोष्टीलाच राजकारण म्हणतात.

प्रार्थनेच्या मुद्द्याचेही तसेच आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील शाळाप्रणीत प्रार्थना १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी थांबवली हे खरे. पण २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील आमिश या ख्रिस्ती पंथाच्या एका खोलीच्या शाळेत पाच मुली मारल्या गेल्या. टीव्ही, व्हिडिओ गेम आणि आधुनिक चैन यांपासून त्या पंथाइतका दूर राहणारा समाज त्या देशात क्वचितच सापडेल. मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिल येथील ज्या शाळेत तीन मुले आणि तीन प्रौढ बळी पडले, ती ख्रिस्ती शाळा होती आणि हल्लेखोर तिथलाच माजी विद्यार्थी होता. उलट, धर्माचरण अमेरिकेपेक्षा बरेच कमी असलेल्या ब्रिटनमध्ये, स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये १६ बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यानंतर खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली आणि तसा प्रसंग तिथल्या शाळेत पुन्हा घडलेला नाही.

मात्र दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, कोलंबाइन घडले तेव्हा अमेरिकेत १९९४ चा ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका, यांवरील बंदीचा कायदा लागू होता आणि सँडी हूकच्या हल्लेखोराने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने रीतसर विकत घेतलेल्या होत्या; म्हणजे नुसता कायदा असून भागत नाही. दुसरी अशी की, राजकारण म्हणजे केवळ पक्ष नव्हे. फ्लोरिडातील पार्कलंड येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जण मारले गेल्यावर बंदूक खरेदीचे वय २१ वर नेणाऱ्या आणि धोकादायक व्यक्तीकडील शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद करणाऱ्या कायद्यावर सही केली ती, बंदुकांवरील निर्बंधांना बहुधा विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी, तीही घटनेनंतर महिन्याभरात. ऑस्ट्रेलियातही १९९६ मध्ये बंदुका परत घेण्याची मोठी मोहीम राबवली ती पुराणमतवादी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने.

माझा मुख्य आक्षेप ‘संस्कार’ या शब्दाच्या आपल्या वापरावर आहे. संस्कार म्हटले की आपली नजर लगेच मुलावर जाते आणि तिथून त्याच्या आईवर. मी तीस वर्षे शिकवले. दुखावलेला, चिडवला गेलेला, मनात सूड घोळवणारा एखादा मुलगा मला बहुतेक प्रत्येक तुकडीत भेटला आणि त्याच्यावर कोणी वाईट संस्कार केले होते असे मला कधी वाटले नाही. राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे दोन-तृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती आणि ८१ टक्के घटनांत किमान एका व्यक्तीला, बहुधा मित्राला किंवा वर्गमित्राला, बेत आधीच ठाऊक होता. संस्कारांची चर्चा करायचीच असेल तर ती इथे करावी. भरलेली बंदूक खणात उघडी ठेवणाऱ्या प्रौढाच्या आणि ‘चुगली कशाला करायची’ म्हणून गप्प बसणाऱ्या वर्गमित्राच्या संस्कारांची.

आणि या ठिकाणी संस्कार आणि राजकारण वेगळे काढताच येत नाहीत. कित्येक अमेरिकी घरांत बंदूक हेच एक मूल्य आहे. ती आजोबांकडून नातवाकडे येते, शिकारीच्या हंगामात बाप मुलाला तिचा वापर शिकवतो आणि संकटात पोलीस येईपर्यंत आपले रक्षण आपण करायचे, ही तिथली प्रामाणिक श्रद्धा आहे. घरात शस्त्र कुलपात ठेवावे की हाताशी, हा त्यामुळे मूल्यांचाच झगडा ठरतो आणि तो विधिमंडळांत आणि न्यायालयांत लढला जातो. २००८ च्या ‘हेलर’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, तेव्हा राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदीबरोबरच घरातील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवण्याची सक्तीही रद्द झाली. अपघात टाळण्यासाठी केलेल्या साठवणुकीच्या नियमांना आपला निकाल बाधक नाही, असेही न्यायालयाने त्याच निकालपत्रात म्हटले आणि तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापल्या बहुमताप्रमाणे वाट काढत आहे.

मिशिगन राज्यातील ऑक्सफर्डचे उदाहरण मला या दृष्टीने सर्वांत बोलके वाटते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या हायस्कूलमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. गोळीबाराच्याच दिवशी सकाळी शाळेने आईवडिलांना बोलावून मुलाने काढलेले बंदुकीचे चित्र दाखवले होते. तरी ते त्याला घरी न नेता निघून गेले आणि दप्तरही कोणी तपासले नाही. २०२४ मध्ये दोघेही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि प्रत्येकाला दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. संस्कारांचा मुद्दा मांडणाऱ्यांना यात आपले समर्थन दिसेल, आणि ते चूकही नाही. परंतु मुलांच्या हाती पडू शकेल अशी बंदूक कुलपात ठेवण्याचे बंधन घालणारा कायदा त्या दिवशी मिशिगनमध्ये नव्हता. २०२२ च्या निवडणुकीत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील बहुमत पालटले, २०२३ मध्ये तसा कायदा संमत झाला आणि तो १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अमलात आला. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्या मुलाच्या आईला ज्यूरीने दोषी ठरवले होते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक