राजीनाम्यानंतर अभयला

सातारा

चि. अभय,
अनेक आशीर्वाद.

तू पेपर टाकलेस हे आम्हाला मेजरकाकांकडून कळलं. त्या रात्रीपासून बाबा तुझ्या सीओंना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना, पत्र लिहायचं म्हणताहेत. मसुदा झालाय, खणात आहे. मी तो पोस्टात पडू दिलेला नाही. तू का सोडलंस ते मी विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग.

तुझ्या कपाटात अमेरिकेच्या जनरल ग्रँटच्या आठवणींचं ते जाड पुस्तक सापडलं, खडकवासल्याला असताना घेतलेलं. आधी तू पेन्सिलीने रेघा मारल्यास तेवढंच वाचलं, मग सगळंच. सुमाताईने लायब्ररीतून त्याचं एक चरित्रही आणून दिलं. आता दुपारी माझं दुसरं काही वाचन नाही.

एप्रिल 1854 मध्ये ग्रँट बत्तिशीला टेकला होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फोर्ट हम्बोल्ट म्हणून ठाणं, फारसं काम नाही. बायको ज्युलिया आणि दोन मुलं देशाच्या दुसऱ्या बाजूला. धाकटा तो निघाल्यावर जन्मलेला, त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. पत्रं पनामावरून बोटीने यायची, त्यांची वाट बघण्यात आठवडे जायचे. कॅप्टनपदाचा कागद हाती पडला त्याच दिवशी त्याने राजीनामा लिहिला. पुस्तकात म्हणतो, त्या पगारात तिकडे कुटुंब पोसणं शक्य नव्हतं. दारूचा उल्लेख नाही. पण दारूमुळे सोडावं लागलं ही कुजबुज जन्मभर त्याच्या मागे राहिली. त्या पानावर तुझी एकही रेघ नाही.

अभय, संध्याकाळी तू एकटा बसतोस का? गेल्या फोनवर तुझा आवाज जड होता. झोप झाली नाही म्हणालास. असेल. जेवायला मेसमध्ये जातोस ना, की खोलीवर मागवतोस? बरं, हा विषय या पत्रात पुन्हा काढणार नाही.

ग्रँटचा बाप जेसी कातडी कमावण्याच्या धंद्यातला. मुलासाठी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतली जागा त्यानेच खटपट करून मिळवली, तीही मुलाला न विचारता. राजीनाम्याचं कळल्यावर त्याने थेट युद्धमंत्री जेफरसन डेव्हिसला लिहिलं की हा राजीनामा मागे घेऊ द्या. डेव्हिसने नकार दिला. पुढे सात वर्षांनी हाच डेव्हिस दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा अध्यक्ष झाला आणि यादवी युद्धात या मुलानेच त्याच्या फौजा मोडल्या. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. मसुदा मात्र अजून फाडलेला नाही.

मधली वर्षं फार वाईट गेली रे त्याची. सेंट लुईसजवळ सासऱ्यांच्या जमिनीवर शेती केली, स्वतःच्या हाताने ओंडक्यांचं घर बांधलं, शहरात जळाऊ लाकूड विकलं. 1857 च्या नाताळाच्या तोंडावर सोन्याचं घड्याळ 22 डॉलरला गहाण टाकलं. शेवटी 1860 मध्ये गॅलिनाला बापाच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली कामाला लागला. पण त्या सगळ्या वर्षांत ज्युलिया आणि मुलं जवळ होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून सांगते, बाहेर पडल्यावर आधी घरी यायचं. भाड्याची खोली घेऊन पुण्यात राहायचं नाही. हातात येणारे पैसे कुणाच्या भागीदारीत घालायचे नाहीत. ग्रँट राष्ट्राध्यक्ष होऊन, जग फिरून आला (1879 च्या फेब्रुवारीत तो मुंबईतही आला होता), आणि 1884 मध्ये मुलाच्या वॉर्ड नावाच्या भागीदाराने त्याला धुऊन नेलं. आदल्या रविवारीच व्हँडरबिल्ट नावाच्या धनाढ्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते, तेही गेले. घशाच्या कॅन्सरने घास गिळवेना, तरी बसून हे पुस्तक लिहिलं, बायकोसाठी काही राहावं म्हणून. लिहून संपलं आणि थोड्याच दिवसांत, 23 जुलै 1885 ला, गेला. ज्युलियाला त्यातून साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. तेव्हा कोरेगावची जमीन विकायची नाही, कर्ज काढायचं नाही, आणि लग्नाचं... असो. तुला आत्ता हे नको आहे. भाषण झालं, राग मानू नकोस.

डेहराडूनला तुझ्या खांद्यावर तारे लावताना माझी बोटं चालत नव्हती. नाना काठी बाजूला ठेवून ताठ उभे राहिले होते, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून. तो दिवस राजीनाम्याने पुसला जात नाही, हे मी नानांच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने म्हणाले. बाबांनीही ऐकलं.

एका ठिकाणी तू दोनदा रेघ मारलीस. 1861 मध्ये, युद्धाच्या सुरुवातीला, शत्रूकडच्या कर्नल हॅरिसच्या छावणीवर चालून जाताना ग्रँटचं काळीज तोंडाशी आलं होतं. टेकडीवरून पाहतो तर छावणी रिकामी. तेव्हा त्याला कळलं की समोरचाही आपल्याला तेवढाच घाबरला होता. ही रेघ तू कधी मारलीस? तिकडे गेल्यावर? तू फोनवर नेहमी म्हणायचास, सगळं मजेत आहे.

पुन्हा तेच लिहिते आहे, पण लिहू दे. 1854 मध्ये कॅलिफोर्नियाहून परतताना ग्रँट न्यूयॉर्कमध्ये अडकला, खिशात काही नाही. तिथे वेस्ट पॉइंटचा मित्र बकनर होता. घरून पैसे येईपर्यंत त्याने हॉटेलच्या बिलाची हमी घेतली. आठ वर्षांनी फोर्ट डोनेलसन किल्ल्याच्या लढाईत हाच बकनर शत्रूचा सेनापती म्हणून ग्रँटला शरण आला. ग्रँटने अटींमध्ये तसूभर सूट दिली नाही, पण नंतर त्याला बाजूला घेऊन स्वतःची पैशाची थैली पुढे केली. शेवटच्या आजारात बकनर त्याला भेटायला गेला आणि अंत्ययात्रेत मानकऱ्यांमध्ये चालला.

अडकलेल्या ग्रँटने मदत घेतली, बाळा. तूही घे. रणजित आता पुण्यातच आहे, त्याची आई परवा मंडईत भेटली. तो तुझी चौकशी करत होता. या रविवारी त्याला फोन कर, आणि केलास की मला कळव. सुटण्याची तारीख नक्की झाली की बाबांना तू स्वतः सांग, माझ्यामार्फत नको. गाडी स्वारगेटला रात्री पोहोचणार असेल तर रणजितकडे मुक्काम कर, सकाळी निघ.

तुझी
आई