चारकोल टूथपेस्टबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. टूथपेस्टसाठी मंत्र्याला पत्र कशाला असं तुम्हाला वाटेल, पण रोज दोनदा तोंडात जाणारी वस्तू आहे म्हणून लिहितोय.

मी जवळजवळ वर्षभर चारकोल टूथपेस्ट, म्हणजे कोळशाची भुकटी घातलेली पेस्ट, वापरली. कंपनी कोणती ते जाऊ दे, जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच. सुरुवातीला दात खरंच उजळ वाटले, मी खूश, घरात सगळ्यांना तीच आणून दिली. मग हळूहळू गार पाणी लागलं की सणक जायला लागली. डेंटिस्टनी आधी पेस्ट कोणती ते विचारलं आणि मग आरशात दाखवलं, जुन्या फिलिंगच्या कडेला बारीक काळी रेघ, कोळशाची भुकटी फटीत जाऊन बसलेली. दात पांढरे करायला गेलो आणि हे! कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात ते आता पटलं.

वरवरचे डाग कोळसा घासून काढतो, ते खरंय, मी नाकारत नाही. पण पिवळेपणा बऱ्याचदा डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा असतो आणि तिथपर्यंत कोळसा पोचतच नाही, त्यासाठी पेरॉक्साइडचं ब्लीचिंग लागतं. वर पेस्ट खरखरीत असली की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, झिजतं, गेलेलं इनॅमल परत येत नाही, आणि ते पातळ झालं की आतला पिवळा रंग उलट जास्तच दिसतो. म्हणजे ज्यासाठी घासतोय त्याच्या बरोब्बर उलट.

आणि जाहिरातींतलं ते 'डिटॉक्स' प्रकरण, म्हणजे कोळसा तोंडातलं विष ओढून घेतो हा दावा. विषबाधा झालेल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे विष शोषून घेईल असा प्रक्रिया केलेला कोळसा, देतात, पण तो पोटात, आणि मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. दातांवर दोन मिनिटं फिरवून थुंकलेला चिमूटभर कोळसा, तोही पेस्टमधल्या बाकीच्या सामानात कालवलेला, कुठलं विष ओढून घेणार? ओढलंच तर पेस्टमधलं फ्लोराइड ओढेल अशी शंका आहे, आणि दात किडू नयेत म्हणून कामाची गोष्ट तर तीच. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये अशा ५० पेस्ट-पावडरींचा आढावा आला होता. त्यातल्या फक्त ८ टक्क्यांत फ्लोराइड होतं, आणि या वस्तू सुरक्षित किंवा गुणकारी आहेत म्हणायला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष होता. इतकी वर्षं झाली, जाहिराती तशाच चालू.

बंदी घाला असं माझं म्हणणं नाही, ज्याला काळ्या पेस्टने घासायचंय त्याने घासावं. फक्त ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते लिहायला लावा, नसेल तर 'फ्लोराइड नाही' हे कंपनीच्या नावाएवढ्या मोठ्या अक्षरात. पेस्ट किती खरखरीत याचा आरडीए नावाचा आकडा असतो, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकात त्याची कमाल मर्यादा २५० आहे, कंपन्या तो मोजू शकतात पण ट्यूबवर काही छापत नाहीत, तो छापायला लावा. आणि 'व्हाइटनिंग', 'डिटॉक्स' लिहायचं असेल तर आधी तुमच्या खात्याकडे चाचणीचे रिपोर्ट द्यायला सांगा.

माझी अर्धी ट्यूब अजून बेसिनवर पडलीय. काल चष्मा लावून सगळी वाचली, 'नैसर्गिक' तीन ठिकाणी आहे, फ्लोराइड एकदाही नाही.

आपला,
एक नागरिक